संत बहिणाबाई : देवगाव ते शिऊर



दिंडीत नवा माणूस आला की आपण त्याला पहिल्यांदा विचारतो, माउली, मूळ गाव कोणतं? नाव मागाहून. आता आपल्या दिंडीत बघा, बहुतेकांना दोन दोन गावं सांगावी लागतात. आजा एका गावचा, बाप दुसरीकडे पोटासाठी गेला, नातवंडं आज तिसरीकडेच. शंभर वर्षांत दिंडी तीच राहिली, पण चालणाऱ्यांचे पत्ते किती बदलले! म्हणून स्मरणिकेत एका संताचे चरित्र दे, असे विणेकरी बाबांनी सांगितले तेव्हा माझ्या मनात बहिणाबाई आल्या. त्यांना कोणी मूळ गाव विचारले असते, तर काय उत्तर द्यावे असा प्रश्नच पडला असता.

आधी एक खुलासा करतो, कारण कीर्तनातसुद्धा घोटाळा होताना ऐकला आहे. खानदेशातल्या, जळगावच्या बहिणाबाई चौधरी, ज्यांच्या जात्यावरच्या गाण्या घरोघर माहीत आहेत, त्या वेगळ्या. त्या आपल्या काळाच्या, 1951 साली गेल्या. या बहिणाबाई तुकोबारायांच्या शिष्या, शके 1550 म्हणजे 1628 सालच्या. आणखी एक. वारकरी संप्रदायाची इमारत कशी उभी राहिली, पाया कोणी घातला आणि कळस कोण झाला, हे सांगणारा अभंग आपण रोज म्हणतो. पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटतो. कळस स्वतःला कळस म्हणेल का? तो बहिणाबाईंचा.

जन्म देवगावचा, वेरूळच्या पश्चिमेला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. गावचं लिहिणं वडिलांकडे. मुलगी जेमतेम तीन वर्षांची असताना तिचे लग्न शिऊरच्या रत्नाकर पाठकांशी लावले. नवरा तिशीचा, बिजवर, वेद शिकलेला. त्या काळाची रीतच तशी, असे म्हणून आपण पुढे जातो. पण तीन आणि तीस हे आकडे एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

काळही वाईट होता. बहिणाबाई दोन वर्षांच्या असताना तो मोठा दुष्काळ पडला, ज्यात तुकोबांचे दुकान बुडाले, बायको अन्न अन्न करीत गेली. पुढे 1633 साली देवगिरीचा किल्ला मोगलांनी घेतला, तीन वर्षांत निजामशाही संपली. देवगाव या सगळ्याच्या अगदी तोंडाशी. एवढे असूनही बहिणाबाई घर सुटण्याचे कारण सांगताना बादशहाचे नाव घेत नाहीत. कारण घरातलेच होते, भाऊबंदकी. भाऊबंदांशी तंटा झाला, कर्ज वाढलं, वडिलांना गावात राहणे मुश्कील झाले. जावई मदतीला आले, पण त्यांच्यानेही निभेना. शेवटी एका रात्री आईबाप, जावई आणि नऊ वर्षांची बहिणा, सगळे गाव सोडून निघाले. रात्री निघाले म्हणजे कोणाचा निरोप घेतला नसणार. ज्याने असे गाव सोडले आहे त्यालाच ते कळेल.

भिक्षा मागत मागत चालत होते. वतनदार कुलकर्ण्याचे कुटुंब, आणि दारोदार कोरान्न! भीमेच्या काठाकाठाने पंढरीला आले. देवगावापासून पंढरपूर म्हणजे तीनशे किलोमीटरांच्या आसपास, आपल्या आळंदीच्या वाटेपेक्षा जास्त. आपल्याला वाटेत पंगती असतात, पाण्याचे टँकर असतात, पडशी ट्रकमध्ये टाकून आपण मोकळे चालतो. त्यांना उद्याचा मुक्काम माहीत नव्हता. पण त्या लेकराला पंढरी इतकी आवडली की तिथून पाय निघेना. विठोबा पहिल्यांदा पाहिला तो असा, वारीला येऊन नव्हे, परागंदा होऊन.

राहायचे मात्र कुठे जमले नाही. तिथून शिखर शिंगणापूरचा महादेव, मग रहिमतपूर. तिथे रत्नाकरपंतांना भिक्षुकीचे काम मिळाले, पण तेही बदलीवरचे. गावचा उपाध्याय काशीला गेला होता, तो येईपर्यंत. तो आला, आणि यांची पुन्हा निघायची वेळ झाली. कोल्हापूरला पोचल्या तेव्हा बहिणाबाई अकरा वर्षांच्या.

कोल्हापुरात बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरात आसरा मिळाला. त्यांना कोणी सवत्स कपिला गाय दान दिली होती, ती त्यांनी या बिऱ्हाडाला दिली. त्या वासराची गोष्ट आपल्याकडे कीर्तनकार रंगवून सांगतात, मी थोडक्यात सांगतो. वासरू बहिणेच्या मागे मागे फिरे. ती पाण्याला गेली तरी बरोबर, कीर्तनाला गेली तरी बरोबर. ज्या मुलीला अंगण नव्हते, मैत्रिणी गावोगाव तुटलेल्या, तिला ते वासरू म्हणजे सर्वस्व. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून लोकांनी वासरू बाहेर काढले. स्वामींना कळले तेव्हा त्यांनी ते आत आणवले, वासराच्या आणि मुलीच्या दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला.

बस्, त्यावरून गावभर चर्चा. आणि नवऱ्याचा राग अनावर झाला. बांधून घालून मारले. हे मी लपवीत नाही, कारण बहिणाबाईंनी स्वतःच ते लपवलेले नाही. आपल्या हाताने आपले आयुष्य अभंगांत लिहून ठेवणाऱ्या बायका त्या काळी किती असतील? त्यात त्यांनी मारही लिहिला आणि नवऱ्याला देव मानणेही लिहिले. आजच्या लेकीसुनांना हे दुसरे पटत नाही. आमच्या घरीही पटत नाही. पण नवऱ्याचा जीव कशाने जळत होता तेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. वेद आपण शिकलो, आणि लोक पाया पडायला येतात ते हिच्या, हे त्यांना सोसत नव्हते.

गाय-वासराने वैरण टाकली. वासरू गेले. बहिणाबाई बेशुद्ध पडल्या. कानांत जयरामस्वामींच्या कीर्तनात ऐकलेले तुकोबांचे अभंग होते. तुकोबांना पाहिलेले नव्हते. शके 1569, कार्तिक वद्य पंचमी, रविवारी तुकोबांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. 1647 साल. तुकोबा तेव्हा देहूत देहाने हयात होते, इकडे कोल्हापुरात शिष्या झाली.

ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे रत्नाकरपंतांना मरणासारखे झाले. तीन महिन्यांची गरोदर बायको सासऱ्याच्या गळ्यात टाकून ते निघून जाणार होते. निघायच्या वेळीच तापाने अंथरूण धरले. अन्न जाईना, औषध लागेना. शुश्रूषा केली ती तिनेच. त्या दुखण्यातून ते उठले ते वेगळे होऊन, आणि सगळ्या बिऱ्हाडाला देहूला घेऊन निघाले. मला या चरित्रातली सर्वांत मोठी वाट हीच वाटते, कोल्हापूर ते देहू. आजवर घर दर वेळी कोणीतरी हुसकले म्हणून हलले होते. या वेळी कोणी हाकलले नव्हते.

गाय बरोबर होतीच. इंद्रायणीत स्नान करून देवळात आले तर तुकोबा आरती करीत होते. स्वप्नात पाहिलेले रूप तेच.

देहूतही सुखाने कोणी राहू दिले नाही म्हणा. मंबाजी गोसाव्याकडे जागा मागितली. त्याला वाटले ही आपली शिष्या होईल. गुरू तुकोबा आहेत हे कळल्यावर त्याने छळ मांडला. गाय चोरून कोंडली आणि बडवली. वळ उठले ते तुकोबांच्या पाठीवर, असे बहिणाबाई सांगतात. पुढे मंबाजीच्याच घराला आग लागली तेव्हा गाय सापडली. पण जेवणाची सोय कोंडाजीपंतांनी केली, निवारा मिळाला, आणि दिवसरात्र कीर्तन कानांवर. तिथेच मुलगी झाली, तिचे नाव काशी ठेवले. पुढे मुलगा झाला, तो विठ्ठल.

उतारवयात त्या शिऊरला होत्या, म्हणजे सासरच्या गावी. तीन वर्षांची असताना ज्या गावचे नाव कपाळी लागले, तिथे राहायचे दिवस इतकी गावे फिरून आले. इथला संसार, लेखन, आल्यागेल्याला उपदेश यात बरीच वर्षे गेली.

शेवटचा प्रसंग सांगतो. विठ्ठलाची बायको रुक्मिणी वारली होती. तिचे क्रियाकर्म करायला तो गोदावरीकाठी शुक्लेश्वरास गेला होता. इकडे बहिणाबाईंना आपला काळ जवळ आल्याचे उमगले. त्यांनी पत्र लिहून मुलाला बोलावून घेतले. सुतकातला मुलगा, बायकोचे दुःख ताजे, तो धावत आला आणि आईपाशी बसला. आईने त्याला आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. कोणत्या गावी जन्मले, कोणाच्या घरी, कसे मरण आले, एकेक करून. हा तेरावा. आणि त्या जन्मांतही तू माझ्या बरोबर होतास, हे त्याला सांगितले.

बाकीच्यांना अध्यात्म दिसेल, ते आहेच. पण दोन बिऱ्हाडे मोडलेली पाहणाऱ्या मला त्यात एक आई दिसते. वाडवडिलांचे घर, शेत, वतन, काहीच मुलाच्या हाती देण्यासारखे उरले नव्हते. तिने त्याला हा बारा जन्मांचा रस्ता दिला.

हे पुढे गाथेत राहिले. जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने 1929 साली त्यांचे आत्मचरित्र आणि अभंग इंग्रजीत नेले. देवगावची मुलगी तिकडे साता समुद्रापार वाचली गेली, आणि आपल्यापैकी कित्येकांनी शिऊर अजून पाहिलेले नाही. वैजापूर तालुक्यात आहे, समाधी तिथेच.

शके 1622, आश्विन शुद्ध प्रतिपदा. वय बहात्तर. मुलगा उशाशी होता.