मतभेदाला न भिणारा सहकारी

मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली दोन तरुण संपादक एकाच कोठडीत शिक्षा भोगत होते. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध प्रसिद्ध केलेल्या मजकुराबद्दल अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली होती. प्रत्यक्षात १०१ दिवसांनी सुटका झाली. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक हे ते दोघे. कोठडीतही त्यांचे वाद रंगत आणि आवाज इतका चढे की पहारेकऱ्यांना त्यांना समज द्यावी लागे. मात्र वाद संपला की दोघे पुन्हा पुढच्या कामाच्या योजना आखण्यात गढून जात.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत, मिळेल ते काम करीत त्यांनी शिक्षण घेतले आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज गाठले. तेथे टिळकांशी स्नेह जुळला. एम. ए. झाल्यावर मुलगा मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरील, अशी आईची स्वाभाविक अपेक्षा होती. पोटापुरत्या पैशांवर समाधान मानून आपण सर्व वेळ लोकहितासाठी देणार असल्याचे त्यांनी तिला पत्राने कळवले. आईलाही खोटी आशा न दाखवणारा हा माणूस पुढे सहकाऱ्यांपुढे आणि वाचकांपुढेही तसाच वागला.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली स्थापन केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर दाखल झाले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' सुरू झाला आणि त्याच्या संपादनाची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. ही सारी कामे एकाच मित्रमंडळाने तुटपुंज्या वेतनावर केली.

या मंडळींचे सर्वच बाबतींत एकमत नव्हते. बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण या प्रश्नांवर आगरकरांना कठोर टीका करायची होती. सामाजिक सुधारणेसाठी परकीय सरकारचा कायदा नको आणि समाजाला दुखावून राजकीय चळवळ मागे पडता कामा नये, असे टिळकांना वाटत होते. 'केसरी' ही मंडळाची सामाईक मालमत्ता असल्याने संपादकाला बहुसंख्य सहकाऱ्यांचे मत डावलता येत नव्हते.

आगरकरांपुढे दोन सोपे मार्ग होते. लेखणी बोथट करून सर्वांची मर्जी राखायची, किंवा वरवर मान डोलावून पाठीमागे कुरकुर करायची. त्यांनी दोन्ही नाकारले. १८८७ मध्ये ते 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' सुरू केला. इंग्रजी मजकुराची बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. शिक्षणाचे काम मात्र आगरकरांनी सोडले नाही. वृत्तपत्रात विरोधक आणि संस्थेत सहकारी, असे टिळकांशी त्यांचे दुहेरी नाते काही काळ टिकले.

ते कायम टिकले नाही. आजीव सदस्यांचे वेतन, त्यांची बाहेरची मिळकत व कामे यांवरून सोसायटीत खटके उडाले. तत्त्वाच्या वादात एकमेकांच्या हेतूंविषयी संशय शिरला आणि कटुता वाढली. अखेर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून तर दोघे उघडपणे समोरासमोर उभे राहिले. मुलींसाठीची संमतीची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेणाऱ्या या कायद्याला आगरकरांचा पाठिंबा, तर टिळकांचा विरोध होता.

स्पष्टवक्तेपणाची किंमत आगरकरांनी पुरेपूर मोजली. सनातन्यांनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरले होते. तरीही १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्यपद स्वीकारून ते अखेरपर्यंत शिकवत आणि लिहीत राहिले. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्यावरचा 'केसरी'तील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

साहेबांच्या प्रत्येक वाक्याला होकार देणारे 'होयबा' प्रत्येक कचेरीत भेटतात. बैठकीत गप्प बसून जिन्यात नाराजी बोलून दाखवणारेही कमी नसतात. आगरकरांनी जे बोलायचे ते समोर बोलून दाखवले, पटेनासे झाले तेव्हा पद सोडले आणि जे काम पटत होते ते नेटाने पुढे नेले. मात्र वाद मुद्द्यांवरून हेतूंवर घसरला, की जिवाभावाची मैत्रीही तग धरत नाही, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसते. या मित्रांनी भांडत भांडत उभी केलेली शाळा आणि कॉलेज मात्र पुण्यात आजही सुरू आहेत.