दोन देशांचा इमानी सेवक : जॉनी केरी

पोटासाठी घर सोडणे आपल्या धर्मग्रामास नवे नाही. कोणाचा मुलगा जहाजावर, कोणाची कन्या आखाती देशातील इस्पितळात. ह्या महोत्सवाच्या मिस्सेस त्यांच्या जागा रिकाम्या राहतील, ह्याची आम्हांस जाणीव आहे. जन्म देणारी भूमी आपली, की भाकर देणारी, हा प्रश्न अशा लेकरांच्या मनात नित्य असतो. ज्या आयरिश खेळाडूने आपल्या वागणुकीने त्याचे उत्तर दिले, त्याचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

जॉनी केरी ह्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९१९ रोजी डब्लिन शहरी झाला. १९३६ साली इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड संघाचे पारखी लुई रोका दुसऱ्याच एका खेळाडूस पाहावयास डब्लिनला आले असता त्यांची दृष्टी सतरा वर्षांच्या केरींवर खिळली. सेंट जेम्सेस गेट ह्या संघास २५० पौंड देऊन त्यांनी ह्या मुलास समुद्रापार नेले.

१९३९ साली महायुद्धाने सामने बंद पडले. आयर्लंड तटस्थ होते. केरी घरी परतून स्वस्थ बसते, तरी कोणी बोल लावला नसता. परंतु ज्या देशाचे अन्न आपण खातो त्याच्या संकटात पाठ फिरविणे त्यांस रुचले नाही. ते ब्रिटिश सैन्यात दाखल झाले आणि मध्यपूर्वेत व इटलीत त्यांनी सेवा केली. खेळाडूच्या उमेदीची वर्षे अशी खर्ची पडली.

१९४५ साली मॅट बझ्बी संघाचे व्यवस्थापक झाले व केरी कप्तान. मार्च १९४१ च्या बाँबहल्ल्यात संघाचे मैदान उद्ध्वस्त झाले होते. १९४९ पर्यंत शेजारच्या संघाच्या मैदानावर खेळावे लागले. पूर्वी आघाडीस खेळणाऱ्या केरींना बझ्बींनी मागे आणून उजवा बॅक केले. गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो. गोल वाचविणाऱ्याचे श्रम बहुधा विसरले जातात. तरीही ते शांतपणे त्या जागी उभे राहिले. संघास गरज पडेल तेथे खेळणे हा त्यांचा बाणा. १९५३ साली गोलरक्षक आजारी पडताच एका सामन्यात ते गोलातही उभे राहिले.

२४ एप्रिल १९४८ रोजी वेंब्ली येथे एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूल संघ मध्यंतरास २–१ असा पुढे होता. केरींच्या संघाने धीर न सोडता ४–२ असा विजय मिळविला. पुढील वर्षी इंग्लंडच्या क्रीडालेखकांनी केरींस वर्षाचे सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरविले. १९५२ साली त्यांच्या संघास ४१ वर्षांनंतर लीगचे विजेतेपद लाभले.

मात्र भाकरीसाठी त्यांनी जन्मभूमी विकली नाही. आयर्लंडची फाळणी झाल्याने तेथे दोन फुटबॉल संघटना होत्या. सप्टेंबर १९४६ मध्ये केरी तीन दिवसांत दोनदा इंग्लंडविरुद्ध उतरले : २८ तारखेस बेलफास्टमध्ये उत्तरेकडून, ३० तारखेस डब्लिनमध्ये दक्षिणेकडून. दोन्ही सामने हरले. परंतु तटलेल्या भावंडांपैकी कोणासही त्यांनी परके मानले नाही. २१ सप्टेंबर १९४९ रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांच्या कप्तानपदाखाली आयर्लंडने इंग्लंडला २–० असे हरविले. ब्रिटनच्या चार संघांबाहेरील संघाकडून इंग्लंडचा स्वगृही झालेला हा पहिलाच पराभव.

१९५३ साली निवृत्त होऊन ते व्यवस्थापक झाले. ब्लॅकबर्न संघास त्यांनी वरच्या श्रेणीत नेले. १९६१ साली एव्हर्टन संघाने मात्र त्यांस काढून टाकले, तेही लंडनमध्ये टॅक्सीतून जाता जाता. लोकांनी त्या प्रसंगाची थट्टा केली. केरी निमूटपणे लेटन ओरिएंट ह्या लहानशा संघाकडे गेले आणि १९६२ साली त्यास इतिहासात प्रथमच पहिल्या श्रेणीत पोहोचविले. २२ ऑगस्ट १९९५ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

दूरदेशी गेलेल्या आमच्या लेकरांनो, ज्या घरी भाकर खाता तेथे इमानाने राबा. ज्या घरी जन्मलात त्यास विसरू नका. परमेश्वराने नेमून दिलेली जागा मागची असो वा पुढची, ती सोडू नका. आपल्या मंदिराची घंटा तुम्हां सर्वांसाठी वाजत आहे.