माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन : जीवन आणि कार्य

अर्वाचीन मराठी गद्याच्या उदयाचा अभ्यास करताना एका इंग्रज प्रशासकाचे नाव आपल्यासमोर वारंवार येते. पेशवाईच्या अस्तात ज्याचा मोठा हात होता, त्याच्याच कारकिर्दीत मराठी पाठ्यपुस्तकांच्या निर्मितीला चालना मिळाली. ही दुहेरी भूमिका ध्यानात घेऊनच आपण एल्फिन्स्टनचे चरित्र पाहणार आहोत.

स्कॉटलंडमधील एका उमराव घराण्यात 1779 साली त्याचा जन्म झाला. 1796 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आला. फारसी भाषा आणि ग्रंथवाचन यांचा त्याला मनस्वी छंद होता. 1803 मधील असईच्या लढाईत तो वेलस्लीच्या सोबत होता. पुढे नागपूर दरबारी रेसिडेंट म्हणून काम केल्यावर तो अफगाण दरबाराकडे वकील म्हणून गेला. त्या अनुभवावर आधारित त्याचा काबूलविषयक ग्रंथ 1815 मध्ये प्रसिद्ध झाला.

1811 पासून तो पुण्यास रेसिडेंट होता. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा 1815 मध्ये पंढरपुरात खून झाल्यावर त्याने त्रिंबकजी डेंगळे यास ताब्यात देण्याचा आग्रह धरला आणि 1817 च्या पुणे तहाने बाजीरावाचे हात बांधले. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. संगमावरील रेसिडेन्सी जाळली गेली आणि त्याचा ग्रंथसंग्रहही भस्मसात झाला.

जिंकलेल्या मुलखाचा आयुक्त या नात्याने त्याने इनामे, वतने आणि पंचायती शक्यतो कायम ठेवल्या. साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांचे राज्य स्थापण्यात आले. मात्र ही उदारता सत्तेच्या सोयीपासून वेगळी नव्हती, हे आपण विसरू नये. कंपनीविरुद्ध कट करणाऱ्यांना त्याने कठोर शासन केले.

मुंबईचा गव्हर्नर असताना (1819–1827) त्याने शिक्षणाकडे विशेष लक्ष दिले. 1821 मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिच्या खर्चासाठी पेशवेकालीन दक्षिणेचा निधी वापरला गेला. शाळा काढणाऱ्या व पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या मुंबईतील संस्थेला त्याने आश्रय दिला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारखे ग्रंथकार याच संस्थेशी निगडित होते. 1824 च्या शिक्षणविषयक टिपणात त्याने देशी भाषांतील शाळा व पुस्तके यांचा पुरस्कार केला. शिकलेली प्रजा परकीय सत्ता कायमची मान्य करणार नाही, याची त्याला कल्पना होती. तरीही त्याने शिक्षणाची वाट रोखली नाही.

1827 मध्ये तो मायदेशी परतण्यासाठी निघाला. मुंबईकरांनी त्याच्या स्मरणार्थ मोठा निधी जमविला आणि त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन संस्थेचा विकास झाला. गव्हर्नर जनरलपद नाकारून त्याने लेखनाला वाहून घेतले. त्याचा भारताचा इतिहास 1841 मध्ये प्रकाशित झाला. 1859 मध्ये त्याचे निधन झाले.

एल्फिन्स्टन हा आपला मुक्तिदाता नव्हता आणि निव्वळ लुटारूही नव्हता. राज्य हिरावून घेणाऱ्या हातांनीच शाळेचे दार उघडले. त्या दारातून आत गेलेल्या पिढीने ज्ञानाचा उपयोग स्वतःच्या समाजासाठी केला, हे त्या पिढीचे कर्तृत्व होय. पुढील घटकातील ग्रंथकारांचा अभ्यास करताना ही पार्श्वभूमी आपण लक्षात ठेवावी.