पक्षाचे विसर्जन करणारा नेता : मानवेंद्रनाथ रॉय

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एका निरीश्वरवादी माणसाचे चरित्र कशासाठी, असे काही वाचक विचारतील. अवश्य विचारावे. लोकमान्यांनी हा उत्सव घराबाहेर आणला तेव्हा आरतीबरोबर व्याख्यानही मांडवात आले. न पटणारे विचारही मांडवात बसून ऐकायचे, ही आपली जुनी रीत आहे. त्या रीतीला धरूनच आम्ही यंदा मानवेंद्रनाथ रॉय यांचे स्मरण करीत आहोत.

दुसरेही एक कारण आहे. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मंडळींना साम्यवाद काही केवळ पुस्तकातून कळलेला नाही. निजामाच्या राजवटीच्या अखेरीस तेलंगणात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला, तो आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळातच. पुढे १९९१ नंतर देशाची बाजारपेठ खुली झाली आणि साऱ्या जगातल्या कंपन्या आपल्या शहरात येऊन बसल्या. एकाने सांगितले, समाजासाठी व्यक्तीने स्वतःला विसरावे. दुसऱ्याने सांगितले, ज्याने त्याने आपले पाहावे, समाजाचे आपोआप भले होईल. या दोहोंच्या मध्ये उभे राहून ज्याने आयुष्यभर उत्तर शोधले, आणि प्रत्येक उत्तराची किंमत स्वतः मोजली, असा माणूस म्हणजे रॉय.

त्यांचे मूळ नाव नरेंद्रनाथ भट्टाचार्य. जन्म १८८७ चा, बंगालमधल्या चोवीस परगणा जिल्ह्यातला. घराणे पौरोहित्य करणारे, वडील संस्कृतचे शिक्षक. वंगभंगाच्या चळवळीत हा मुलगा क्रांतिकारकांच्या गटात गेला आणि जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजेच बाघा जतीन, यांचा उजवा हात बनला. पहिले महायुद्ध सुरू होताच जर्मनीकडून शस्त्रे मिळवण्याचा बेत ठरला. त्यासाठी १९१५ मध्ये नरेंद्रनाथ नाव बदलून बटाव्हियाला गेले. शस्त्रे काही आली नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात बालासोरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत जतीनदा जखमी होऊन मरण पावले. ज्याच्यासाठी शस्त्रे आणायची तोच उरला नाही. तरीही नरेंद्रनाथ थांबले नाहीत. जपान, चीन असे भटकत ते १९१६ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. तिथे पोलिसांना चुकवण्यासाठी त्यांनी मानवेंद्रनाथ रॉय हे नाव घेतले, आणि तेच कायमचे झाले.

न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय यांचा सहवास लाभला. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून त्यांनी मार्क्स वाचला. इंग्रज गेल्यावर गरिबाच्या ताटात काय पडणार, हा प्रश्न तोवर त्यांच्या मनात कधी इतक्या स्पष्टपणे उभा राहिला नव्हता. अमेरिका युद्धात उतरताच हिंदी क्रांतिकारकांची धरपकड सुरू झाली, तेव्हा रॉय आणि त्यांच्या पत्नी एव्हलिन ट्रेंट मेक्सिकोत निसटले. तिथे त्यांनी स्पॅनिश भाषा आत्मसात केली आणि रशियातून आलेल्या मिखाईल बोरोदिनशी मैत्री जोडली. १९१९ मध्ये मेक्सिकोचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. रशियाबाहेर निघालेल्या पहिल्या काही कम्युनिस्ट पक्षांपैकी तो एक. बंगालचा भटजीचा मुलगा मेक्सिकोत पक्ष काढतो, हे आजच्या जागतिकीकरणाच्या दिवसांतही नवलच वाटावे!

१९२० मध्ये मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनलची दुसरी परिषद भरली. गुलाम देशांतल्या स्वातंत्र्य चळवळींशी कम्युनिस्टांनी कसे वागावे, हा तिथला कळीचा प्रश्न होता. लेनिनचे मत असे की, या चळवळी मध्यमवर्गाच्या हाती असल्या तरी त्यांना पाठिंबा द्यावा. रॉय यांचे म्हणणे, हा वर्ग वेळ येताच तडजोड करील, म्हणून शेतकरी-कामगारांची स्वतःची संघटना हवी. तेहतीस वर्षांच्या या परक्या तरुणाचे लेनिनने ऐकून घेतले. इतकेच नव्हे तर त्याला आपला वेगळा मसुदा मांडायला सांगितले, आणि दुरुस्त्यांसह दोन्ही मसुदे परिषदेने स्वीकारले. मतभेद असूनही एकत्र काम करता येते, हा अनुभव रॉय यांनी तिथे घेतला. पुढे त्याच मॉस्कोत तो मिळेनासा झाला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ताश्कंदला रॉय यांच्यासह सात जणांनी हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. इकडे मुंबईत श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२१ मध्ये गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली होती. रॉय यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार जोडला. ही पत्रे पोलीस वाटेतच फोडून वाचत. १९२४ च्या कानपूर कटाच्या खटल्यात डांगे आणि इतर तिघांना चार-चार वर्षांची सजा झाली. रॉय परदेशात असल्याने सापडले नाहीत, पण आरोपींच्या यादीत त्यांचे नाव होते.

१९२७ मध्ये इंटरनॅशनलने त्यांना चीनला पाठवले. तिथली मोहीम फसली आणि हजारो कार्यकर्ते मारले गेले. दोष कोणाचा, यावर मॉस्कोत बोटे मोडली जाऊ लागली. स्टालिनची पकड घट्ट होत होती. रॉय यांनी जर्मनीतल्या विरोधी गटाच्या पत्रांत लेख लिहिले आणि १९२९ मध्ये त्यांना इंटरनॅशनलमधून काढून टाकण्यात आले. ही हकालपट्टी अपमानाची होती खरी, पण तिने बहुधा त्यांचा जीव वाचवला. जे मागे राहिले त्यांचे काय झाले, ते पाहा. ताश्कंदचे सहकारी अवनी मुखर्जी यांना १९३७ मध्ये गोळी घातली गेली. आपल्या हैदराबादेत जन्मलेले, सरोजिनीबाई नायडू यांचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे रॉय यांचे प्रतिस्पर्धी. त्यांचीही त्याच वर्षी तीच गत झाली. बुखारिनला १९३८ मध्ये मारले. बोरोदिन १९५१ मध्ये कैदेत मेला. ज्यांनी सर्वांच्या सुखासाठी राज्य उभारले, त्यांनाच त्या राज्याने सर्वांच्या हिताच्या नावाखाली गिळले.

१९३० च्या अखेरीस रॉय डॉ. महमूद या नावाने हिंदुस्थानात परतले. सात-आठ महिने लपून काम केल्यावर जुलै १९३१ मध्ये मुंबईत ते पकडले गेले. कानपूरचा जुना खटला पुन्हा उभा राहिला. बारा वर्षांची सजा झाली, ती अपिलात सहा वर्षांवर आली. प्रकृती ढासळली, पण हात थांबला नाही. विज्ञानातल्या नव्या शोधांचा तत्त्वज्ञानाशी काय संबंध, यावर त्यांनी तुरुंगात नऊ खंडांचे लेखन केले. माणूस हा केवळ वर्गाचा किंवा राष्ट्राचा एक तुकडा नाही, त्याला स्वतःची बुद्धी आहे आणि नीतीही त्या बुद्धीतूनच उगवते, या विचाराचे बी या काळात पेरले गेले.

नोव्हेंबर १९३६ मध्ये ते सुटले आणि महिन्याभरातच खानदेशात फैजपूरला पोहोचले. काँग्रेसचे खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. महाराष्ट्राशी त्यांचे नाते इथून घट्ट झाले. पुढच्या वर्षी मुंबईहून त्यांचे साप्ताहिक निघू लागले, आणि तुरुंगात ज्यांची पत्रे येत त्या एलन गॉटशाक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत वेदान्त आणि न्याय शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्या विचारांकडे ओढले गेले. विठ्ठल महादेव तारकुंडे यांनी वकिली बाजूला ठेवली. कामगार चळवळीतले व. भ. कर्णिक आणि मणिबेन कारा, अर्थशास्त्रज्ञ गोवर्धन पारीख, संपादक ह. रा. महाजनी ही सारी मंडळी रॉयवादी म्हणून ओळखली जाऊ लागली. आपण बृहन्महाराष्ट्रातली माणसे परप्रांतात रुजलो. या बंगाली माणसाचे विचार मात्र मराठी मातीत रुजले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी घेतलेली भूमिका मात्र त्यांना फार महाग पडली. नाझी आणि फॅसिस्ट जिंकले तर जगात कुठेच स्वातंत्र्य उरणार नाही, म्हणून या युद्धात दोस्तांच्या बाजूने उभे राहावे, असे त्यांचे मत. १९४० मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ते मौलाना आझादांविरुद्ध उभे राहिले आणि दणकून हरले. मग त्यांनी काँग्रेस सोडली आणि वेगळा पक्ष काढला. बेचाळीसच्या आंदोलनात सारा देश पेटलेला असताना ते विरोधात राहिले. त्यांच्या कामगार संघटनेला युद्धप्रचारासाठी सरकारकडून दरमहा १३ हजार रुपये मिळत, हे उघड झाल्यावर तर त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. देशासाठी फासावर चढणाऱ्यांच्या काळात परक्या सरकारचा पैसा घेणे लोकांना रुचले नाही, आणि आम्हालाही ते समर्थनीय वाटत नाही. फॅसिझमविषयीचा त्यांचा इशारा खरा होता. पण आपल्याच लोकांच्या मनाची नाडी त्यांना तेव्हा सापडली नाही, हेही खरेच.

१९४४ मध्ये उद्योगपतींनी मुंबई योजना मांडली, तेव्हा रॉय यांच्या सहकाऱ्यांनी जनता योजना पुढे ठेवली. दहा वर्षांत १५ हजार कोटी रुपये, आणि पहिला मान शेतीला व रोजच्या गरजेच्या वस्तूंना. कारखाने हवेत, पण शेतकऱ्याच्या हाती पैसा नसेल तर कारखान्याचा माल घेणार कोण, असा साधा हिशेब त्यामागे होता. १९४६ च्या निवडणुकीत मात्र पक्षाचे पानिपत झाले.

खरा रॉय दिसतो तो या पराभवानंतर. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत त्यांनी सहकाऱ्यांपुढे बावीस सूत्रे मांडली. सार सांगायचे तर असे : समाज म्हणजे शेवटी माणसे. ज्या व्यवस्थेत एकेक माणूस अधिक मोकळा आणि अधिक जाणता होत नाही, ती व्यवस्था कितीही न्यायाची भाषा बोलो, ती प्रगती नव्हे. राष्ट्र असो की वर्ग, त्याच्या वेदीवर माणूस चढवायचा नाही. पण भांडवलशाहीतले मोकळेपणही पुरेसे नाही, कारण भुकेल्याला मिळालेले स्वातंत्र्य कागदावरच राहते. म्हणून उत्पादन गरजेसाठी व्हावे, आर्थिक व्यवहार सहकारावर चालावा, सत्ता गावोगावच्या लोकसमित्यांकडे असावी आणि स्वतंत्र माणसांचे नाते देशांच्या सीमांपलीकडेही जुळावे. याला त्यांनी नवमानवतावाद म्हटले.

मग प्रश्न आला की, पक्ष कशाला? पक्ष सत्तेसाठी असतो, सत्तेसाठी शिस्त लागते, आणि शिस्तीपुढे सभासदाची बुद्धी गहाण पडते. डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला पक्ष स्वतःहून विसर्जित केला. ज्यांनी तारुण्य त्या पक्षात घातले होते, त्यांना ते सोपे गेले नसेल. हरलेला पक्ष मोडणे कसला त्याग, असेही कोणी म्हणेल. पण हरलेले पक्ष सहसा आणखी घट्ट होतात किंवा दुसऱ्यात विरघळतात. विचार करून थांबणारे फारच थोडे.

शेवटची वर्षे डेहराडूनच्या मोहिनी रोडवरच्या घरात गेली. जून १९५२ मध्ये मसुरीला फिरताना ते डोंगरावरून घसरले, आणि त्यानंतर प्रकृती सावरली नाही. २५ जानेवारी १९५४ च्या रात्री त्यांचे निधन झाले. एलनबाईंनी त्यांचे काम चालू ठेवले. १९६० मध्ये त्याच घरात त्यांची हत्या झाली.

पक्ष गेला, माणसे राहिली. लक्ष्मणशास्त्रींनी वाईत मराठी विश्वकोशाचे काम उभारले. तारकुंडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि पुढे आणीबाणीत नागरी स्वातंत्र्यासाठी जयप्रकाशांच्या बरोबरीने उभे राहिले. कुठल्याही पक्षाच्या आदेशाची त्यांना गरज पडली नाही.

रॉय यांची लोकसमित्यांची कल्पना देशात कुठे मोठ्या प्रमाणावर उतरली नाही. ती उतरवणे किती अवघड आहे, हे मंडळ चालवणाऱ्या आम्हाला चांगले ठाऊक आहे. सर्वसाधारण सभेत वर्गणीचा किंवा मांडवाच्या जागेचा ठराव बहुमताने होतो आणि कोपऱ्यातला एक सभासद हात वर करून काही सांगू पाहत असतो. उशीर झालेला असतो, चहा थंड होत असतो. सर्वांच्या हितासाठी त्याला खाली बसवायचे की दोन मिनिटे ऐकायचे, हे तेव्हा आपल्यालाच ठरवायचे असते. पुढच्या सभेत तरी ती दोन मिनिटे द्यावीत, अशी आमची आपल्या सर्वांना विनंती आहे.

गणपती बाप्पा मोरया!