हेलन रिची : पहिली प्रवासी वैमानिक

विमान चालविणाऱ्या स्त्रियांचा विषय निघाला की आपल्या तोंडी अमेलिया एअरहार्टचे नाव येते. माझ्या मनात मात्र तिच्या मैत्रिणीचे, हेलन रिचीचे चरित्र घर करून बसले आहे. अमेलियाला कीर्ती मिळाली. हेलनला हवी होती नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी.

अमेरिकेतील पेनसिल्वेनिया प्रांतात, मॅकीसपोर्ट गावी 1909 मध्ये तिचा जन्म झाला. वडील गावच्या शाळांचे अधीक्षक. मुलीने शिक्षिका व्हावे अशी रीत; ही विशीत विमान शिकली. 1933 च्या डिसेंबरात मायामी येथे फ्रान्सिस मार्सालिस हिच्यासह ती जवळजवळ दहा दिवस जमिनीला न टेकता आकाशात राहिली. दुसऱ्या विमानातून नळीने पेट्रोल घ्यायचे. त्या खटाटोपात विमानाचे कापडी आवरण फाटले, तेव्हा या बाईने उडत्या विमानाच्या पाठीवर जाऊन सुईदोऱ्याने ते शिवले! शिवणाच्या वर्गातील आमच्या भगिनींनी क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहावे.

1934 च्या अखेरीस सेंट्रल एअरलाइन्सने तिला दुय्यम वैमानिक म्हणून घेतले. 31 डिसेंबरला ती वॉशिंग्टनहून डेट्रॉइटला प्रवासी घेऊन निघाली. अमेरिकेत नियमित प्रवासी विमानावर स्त्री वैमानिक बसण्याची ही पहिलीच वेळ.

येथे वैमानिकांच्या पगाराविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. मंदीच्या दिवसांत मालक पगार कापू लागले, म्हणून वैमानिकांनी 1931 मध्ये आपली संघटना उभारली. तिने झगडून 1934 मध्ये सरकारी मजूर मंडळाकडून निवाडा मिळविला : नोकरीच्या वर्षांवर मूळ पगार, त्यावर उड्डाणाच्या तासांचा आणि मैलांचा मोबदला, आणि महिन्याला 85 तासांहून अधिक उड्डाण नाही. म्हणजे ज्याला आकाश मिळाले त्याची बढती आणि प्राप्ती. ज्याला नाही तो तिथल्या तिथे.

आणि हेलनचे आकाशच काढून घेण्यात आले. न्यायासाठी भांडलेल्या त्याच संघटनेने, बाई म्हणून, तिला सभासदत्व नाकारले. खराब हवेत तिला पाठवू नये अशी समज सरकारी विमानखात्याने कंपनीला दिली. सभासमारंभांतून मिरवायला आणि छायाचित्रांना मात्र ती हवी होती! दहा महिन्यांत जेमतेम डझनभर फेऱ्या तिच्या वाट्याला आल्या. 1935 मध्ये तिने राजीनामा दिला. मला यात तिचा हट्ट दिसत नाही. शोभेची बाहुली होऊन पगार खाणे तिला मानवले नाही, इतकेच.

मग मिळेल ते काम. गावोगावच्या छपरांवर वैमानिकांसाठी गावाचे नाव ठळक रंगविण्याची सरकारी योजना होती, त्यात ती हिंडली. 1936 च्या बेंडिक्स शर्यतीत अमेलियाच्या शेजारी बसून उडाली. पुढे विद्यार्थ्यांना शिकविले. महायुद्ध पेटले आणि एकाएकी बायका हव्याशा झाल्या. 1942 मध्ये ती इंग्लंडला जाऊन कारखान्यातील लढाऊ विमाने तळांवर पोचवू लागली, अमेरिकन स्त्रियांच्या तुकडीची प्रमुखही झाली. त्या संस्थेने 1943 पासून बायकांना पुरुषांइतकेच वेतन दिले, हे मुद्दाम नोंदविते. मायदेशी परतल्यावर ती लष्करासाठी उडणाऱ्या स्त्रियांच्या पथकात दाखल झाली. तेथे दरमहा 250 डॉलर होते, पण सैनिकाचा दर्जा नव्हता. कामावर मेलेल्या 38 जणींना सैनिकी इतमामही मिळाला नाही. 1944 च्या डिसेंबरात पथक बरखास्त झाले. सैनिकी दर्जा देणारा कायदा झाला 1977 मध्ये.

लढाई संपून हजारो पुरुष वैमानिक परतले. हेलनला कोणी विचारीना. 1947 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बिऱ्हाडी ती मृतावस्थेत आढळली. वय 37. तिने आपणच जीव दिला, असा निष्कर्ष निघाला.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच प्रेम माथुर यांना हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने वैमानिक म्हणून घेतले. अमेरिकेत मात्र 1973 साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रंटियर एअरलाइन्समध्ये एमिली वॉर्नर रुजू झाली, आणि 1974 मध्ये त्याच संघटनेने तिला सभासद करून घेतले. हेलन असती तर तोवर तिला निवृत्त व्हावे लागले असते. साठीनंतर प्रवासी विमान चालविण्यास तेथे तेव्हा मनाई होती.