मलिक अल-शहबाज आणि मताचा अधिकार

वाचकहो, माल्कम एक्स हे नाव आपण ऐकले असेल. हजहून परतल्यावर ते अलहाज मलिक अल-शहबाज या नावाने वावरले, हे मात्र आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते.

19 मे 1925 रोजी अमेरिकेतील ओमाहा येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले, तारुण्य गुन्हेगारीत गेले, तुरुंगवास घडला. तुरुंगातच त्यांना वाचनाचा ध्यास लागला आणि 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेशी नाते जुळले. नाव इस्लामचे असले, तरी गोरा माणूस जन्मतःच सैतान असतो ही तिची शिकवण कुरआनशी विसंगत होती, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. शिवाय ती आपल्या अनुयायांना निवडणुकीपासून दूर ठेवी.

मार्च 1964 मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले आणि एप्रिलमध्ये क्लीव्हलंडच्या भाषणात त्यांनी मताचाच प्रश्न हाती घेतला. तेव्हाची स्थिती ध्यानात घ्या. वर्णावरून मताधिकार नाकारण्यास राज्यघटनेने 1870 मध्येच मनाई केली होती. तरीही मिसिसिपी राज्यात शंभर प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी सातांचीही नावे मतदारयादीत नव्हती. नाव नोंदवू पाहणाऱ्यास राज्यघटनेच्या कलमाचा अर्थ विचारीत आणि उत्तर बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवी. रोजगार जाण्याचे, मारहाणीचे भय निराळेच. याच दक्षिणेतले खासदार समित्यांचे अध्यक्ष होऊन समतेचे कायदे अडवीत. जेथे लोकांना मतच नाही तेथून आलेला माणूस प्रतिनिधी कसला, असा मलिक यांचा युक्तिवाद होता.

त्याच महिन्यात ते हजला गेले. तेथे गोऱ्या मुसलमानांसह ते एका थाळीत जेवले, एका रांगेत सजद्यात गेले, आणि वर्णद्वेषाची जुनी शिकवण त्यांच्या मनातून गळून पडली. पुष्कळ चरित्रकथा येथेच थांबतात, जणू हजने त्यांना मवाळ केले. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. माणसांविषयीचे त्यांचे मत पालटले, अन्यायाविषयीचे नव्हे. मताधिकारासाठी झटताना कोठडीत मार खाल्लेल्या फॅनी लू हेमर या ख्रिस्ती महिलेसोबत ते डिसेंबरमध्ये हार्लेमच्या व्यासपीठावर होते. 4 फेब्रुवारी 1965 रोजी ते सेल्मा येथे गेले. मतदारनोंदणीच्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा तुरुंगात होते. मलिक यांनी चर्चमध्ये भाषण केले आणि आपण किंग यांच्या कार्यात अडथळा आणण्यास आलेलो नाही, असा विश्वास त्यांच्या पत्नीस दिला.

सतरा दिवसांनी, 21 फेब्रुवारी रोजी, न्यूयॉर्कच्या सभागृहात बोलण्यास उभे राहताच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ते 39 वर्षांचे होते. पत्नी बेटी आणि मुली समोरच बसल्या होत्या.

मताधिकाराच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी 6 ऑगस्ट 1965 रोजी झाली. मलिक यांच्या जुळ्या मुली त्यानंतर, सप्टेंबरअखेर जन्मल्या.