डॉक्टरांनी हवापालट सांगितला आणि ही बाई एकटीच रॉकी पर्वतात जाऊन १४ हजार फुटांचं शिखर चढून आली!

सप्टेंबर १८७३. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं लाँगमाँट नावाचं छोटं गाव. तिथल्या हॉटेलात उतरलेली एक ब्रिटिश बाई उकाड्याने पार हैराण झाली होती. चाळिशी ओलांडलेली, उंची जेमतेम ४ फूट ११ इंच, त्यात पाठीचं जुनं दुखणं. तिला डोंगरातल्या एस्टेस पार्क नावाच्या खोऱ्यात जायचं होतं. आधी एकदा प्रयत्नही करून झाला होता. पण रस्ता माहीत असल्याच्या बढाया मारणारा वाटाड्याच रस्ता चुकला आणि सगळ्यांना हात हलवत परत यावं लागलं. आता पुरे झालं, उद्या न्यूयॉर्कची वाट धरायची, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात हॉटेलमालकाने खबर आणली. दोन तरुण पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी एस्टेस पार्कलाच निघाली होती. बाईंनी न्यूयॉर्कचा बेत रद्द केला आणि सकाळी घोड्यावर मांड टाकली.

ही बाई म्हणजे इझाबेला बर्ड. आज तिची ओळख १९व्या शतकातली सगळ्यात गाजलेली महिला प्रवासी अशी आहे. आणि ती ज्या डोंगरात गेली, तिथे आज रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे.

आता प्रश्न असा की, आजारी बाई तिथे पोहोचली कशी?

इझाबेलाचा जन्म १५ ऑक्टोबर १८३१ चा, इंग्लंडच्या यॉर्कशरमधला. वडील एडवर्ड बर्ड चर्चमध्ये पाद्री होते. त्याआधी ते कलकत्त्यात वकिली करायचे. इझाबेला लहानपणापासून आजारी. पाठदुखी, डोकेदुखी, झोप नाही. १८५० च्या सुमारास मणक्याजवळची गाठ काढायला शस्त्रक्रिया झाली, तरी दुखणं राहिलंच. शेवटी डॉक्टरांनी समुद्रप्रवास सांगितला. वडिलांनी हातात १०० पौंड ठेवले आणि १८५४ मध्ये ती अमेरिकेला गेली. त्या प्रवासावरचं पुस्तक १८५६ मध्ये आलं.

इथून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. घरी असली की इझाबेला सोफ्यावर पडून असायची. बाहेर पडली की उन्हातान्हात, चिखलात, बोटीवर ठणठणीत. हा आजार शरीराचा होता की त्या काळच्या घरातल्या आयुष्याचा, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पाठीची गाठ खरी होती, म्हणजे सगळंच मनाचे खेळ म्हणून सोडून देता येत नाही. पण घरात बाईने काय करायचं, तर धर्मकार्य, पत्रं लिहिणं आणि पाहुण्यांना चहा. हुशार बाईला त्यात गुदमरायला झालं तर नवल नाही.

वडील १८५८ मध्ये गेले, आई १८६६ मध्ये. मागे राहिली धाकटी बहीण हेन्रिएटा, लाडाने हेनी. दोघींचा एकमेकींवर प्रचंड जीव. १८७२ मध्ये तब्येतीसाठी इझाबेला पुन्हा निघाली. ऑस्ट्रेलिया तिला आवडलं नाही. मग हवाई बेटांवर मात्र ती सहा महिने रमली. तिथल्या बायका पुरुषांसारख्या दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसायच्या. इंग्लंडमध्ये बाईने दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायचं, नाहीतर लोक काय म्हणतील! त्या बसण्याने इझाबेलाची पाठ मोडून जायची. हवाईत ती पाय टाकून बसायला शिकली आणि तिचं दुखणं एकदम हलकं झालं. एवढ्याशा बदलाने तिच्यासाठी अख्खा डोंगर मोकळा झाला.

तिथून सॅन फ्रान्सिस्को, मग रेल्वेने कोलोरॅडो आणि शेवटी एस्टेस पार्क.

खोऱ्याच्या तोंडाशीच तिला भेटला जिम न्यूजंट. लोक त्याला माउंटन जिम म्हणायचे. अस्वलाच्या हल्ल्यात एक डोळा गेलेला. चेहऱ्याची एक बाजू देखणी, दुसरी बघवत नाही अशी. झोपडीबाहेर कातडी वाळत घातलेली, कमरेला हत्यार. दारू प्यायला की याच्या वाटेला जाऊ नका, अशी त्याची ख्याती. आणि हाच माणूस बाईशी बोलताना एकदम अदबशीर, वर कविता करणारा. इझाबेला चकित झाली.

खोऱ्यात ग्रिफ इव्हान्स नावाचा वेल्श माणूस पाहुण्यांना लाकडी खोपटी भाड्याने द्यायचा. तिथे मुक्काम टाकल्यावर काहीच दिवसांत तिने समोर दिसणाऱ्या लाँग्स पीकवर जायचं ठरवलं. उंची १४,२५९ फूट. या शिखरावरची पहिली नोंदलेली चढाई होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. वाटाड्या जिम, सोबत लाँगमाँटहून आलेली ती दोन पोरं.

तयारी म्हणाल तर विनोदीच. इझाबेलाकडे धड बूट नव्हते, म्हणून इव्हान्सचे शिकारीचे बूट मागून घेतले. ते पायात मावेनात असे नाही, पायच त्यात हरवत होते. पहिली रात्र झाडांच्या शेवटच्या रांगेशी, उशाला घोड्याचं खोगीर आणि राखणीला जिमचा कुत्रा. दुसऱ्या दिवशी वर जाताना नशिबाने कुणीतरी टाकून गेलेले छोटे ओव्हरशूज सापडले. ते मिळाले नसते तर बर्फावर तिचा निभाव लागणं अवघड होतं.

पुढचा रस्ता बर्फाने घसरडा झालेला. पोरं सरळ कड्यावरून गेली. इझाबेलाला ते जमेना, तेव्हा जिम तिला घेऊन सुमारे २ हजार फूट खाली उतरला आणि दुसऱ्या घळीतून पुन्हा वर चढला. कुठे दोराने ओढत, कुठे हाताला धरून. पाण्याचा थेंब नाही, हवा विरळ. एका पोराच्या फुप्फुसातून रक्त यायला लागलं. तरी चौघं माथ्यावर पोहोचले आणि नावं, तारीख लिहून एका डब्यात घालून खडकाच्या फटीत ठेवून आले. जिमने सामानासारखं ओढून वर नेलं, हे इझाबेलाने स्वतःच लिहून ठेवलंय. शिखर सर केल्याचा तोरा तिने मिरवला नाही, आणि म्हणूनच ते वर्णन आजही वाचवतं.

यानंतर तिने जे केलं ते खरं तर चढाईपेक्षा मोठं. बर्डी नावाच्या तट्टावर बसून ती कोलोरॅडोत शेकडो मैल एकटी फिरली. डेन्व्हर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, साउथ पार्क. हिवाळा तोंडावर आलेला, अनेकदा बर्फात वाटच दिसत नव्हती. रात्री जे घर दिसेल तिथे मुक्काम.

त्याच वर्षी अमेरिकेत मोठं आर्थिक संकट आलं होतं. बँकांनी पैसे देणं थांबवलं आणि इझाबेला अडकली. मग परत एस्टेस पार्क गाठलं. इव्हान्स नव्हता. गुरं सांभाळायला थांबलेल्या दोन तरुणांसोबत ती तिथेच राहिली, स्वयंपाक केला, झाडलोट केली. मध्येच धर्मशास्त्र शिकणारा एक पोरगा टपकला आणि त्याने शिल्लक धान्याचा असा काही फडशा पाडला की सगळ्यांना धास्ती बसली.

आणि याच दिवसांत जिमने तिला मनातलं सांगितलं. त्याचं आपल्यावर प्रेम आहे, हे ऐकून ती हादरली. ओढ तिलाही होती, हेनीला लिहिलेल्या खासगी पत्रांत ते लपत नाही. पण दारू आणि हिंसा यांच्यासोबत संसार होणार नाही, हेही तिला कळत होतं. तिने नकार दिला. डिसेंबरमध्ये तिला मैदानातल्या घोडागाडीपर्यंत सोडायला जिमच आला होता.

पुढच्याच वर्षी, जून १८७४ मध्ये, इव्हान्सने जिमला गोळी घातली. खोऱ्यातली जमीन विकत घेत सुटलेल्या एका ब्रिटिश लॉर्डवरून वाद होता म्हणतात, इतरही कारणं सांगितली जातात. जिम सप्टेंबरमध्ये गेला. त्याच वेळी स्वित्झर्लंडमध्ये इझाबेलाला तो समोर उभा दिसला, असा किस्सा तिच्या पहिल्या चरित्रात आहे. विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा.

हेनीला लिहिलेली पत्रं आधी मासिकात आणि मग १८७९ मध्ये 'अ लेडीज लाइफ इन द रॉकी माउंटन्स' या पुस्तकात आली. जिमबद्दलचा नाजूक भाग तिने गाळला होता. पण लंडनच्या टाइम्सचं लक्ष गेलं कुठे, तर कपड्यांवर! बाई पुरुषी वेषात फिरली, असं छापून आलं. इझाबेला भयंकर चिडली. दुसऱ्या आवृत्तीत तिने खास टीप टाकली की घोड्यावर बसतानाचा पोशाख बायकांचाच होता, पायघोळ पायजम्यावर घागरा. एकटी हिंडली हे चाललं असतं, पण बाईपण सोडलं हा आरोप परवडणारा नव्हता.

१८८० मध्ये हेनी टायफॉइडने गेली. वर्षभरात इझाबेलाने बहिणीवर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन बिशप यांच्याशी लग्न केलं, तेही १८८६ मध्ये वारले. पन्नाशीनंतर ती वैद्यकीय धडे घेऊन १८८९ मध्ये भारतात आली. श्रीनगरमध्ये नवऱ्याच्या आणि अमृतसरमध्ये हेनीच्या नावाने तिने हॉस्पिटल उभं केलं, लडाख पालथा घातला आणि पुढे इराणला गेली. १८९२ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पहिल्यांदा महिलांना फेलो केलं, त्यात ती होती. पुढच्याच वर्षी सोसायटीने बायकांना दार बंद केलं, ते उघडायला १९१३ उजाडलं.

७ ऑक्टोबर १९०४ रोजी एडिंबरामध्ये इझाबेला गेली. चीनला पुन्हा जायचा बेत होता, सामानाच्या पेट्या भरून तयार होत्या.

२६ जानेवारी १९१५ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या सहीने रॉकी माउंटन नॅशनल पार्क झालं. आता तिथे वर्षाला ४० लाखांहून जास्त लोक येतात. लाँग्स पीक चढणारे पहाटे दोन-तीनलाच निघतात, कारण दुपारी विजा पडतात. या शिखरावर आजवर ५० हून जास्त जणांनी जीव गमावलाय. आणि जिम ज्या घळीतून इझाबेलाला ओढत वर घेऊन गेला, नेहमीची वाट आजही त्याच घळीतून जाते.